रुग्णमित्र नेमताय? आधी विचारा, त्याला पैसे कोण देतं

रुग्णालयातली कागदपत्रं, बिलं आणि विमा यांत पैसे घेऊन मदत करणाऱ्या माणसांबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आणि सहा निवडले. उत्तरं सगळी सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

माझी बायपास ठरली आहे. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, "बाबा, एक पेशंट अ‍ॅडव्होकेट लावून घ्या." अजून ऑपरेशनच झालं नाही, तर वकील कशाला? (प्रतापनगर, नागपूर)

हा अ‍ॅडव्होकेट काळ्या कोटातला नाही. रुग्णाच्या बाजूनं प्रश्न विचारणारा, कागद सांभाळणारा, बिल तपासणारा आणि विम्याच्या मागे लागणारा माणूस, एवढाच अर्थ. आपण त्याला रुग्णमित्र म्हणू. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे. तिथं 2018 पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारं मंडळ आहे आणि बरेच जण तासावर पैसे घेतात. आपल्याकडे या कामाला परवाना लागत नाही, सरकारी नोंदणीही नाही. आज सीताबर्डीवर कार्ड छापून घेतलं की उद्या कुणीही रुग्णमित्र. त्यामुळे कार्डावर काय लिहिलंय याला शून्य किंमत द्या.

त्यानं काय करायचं नाही, हे आधी ठरवा. संमतीपत्रावर सही त्यानं करायची नाही. शुद्धीत असलेल्या प्रौढ रुग्णाची सही रुग्णाचीच. औषध बदला, हे ऑपरेशन टाळा, अमुक डॉक्टर बरा असं त्यानं सांगायचं नाही. राऊंडच्या वेळी डॉक्टरांवर आवाज चढवणारा रुग्णमित्र तर नकोच. तो संध्याकाळी घरी जातो, वॉर्डात तुम्ही राहता.

तुमच्या बाबतीत ऑपरेशन ठरलेलं आहे, सर्जन एक, रुग्णालय एक. पॉलिसी जुनी आणि स्वच्छ असेल तर दोनच वेळा मदत लागेल: भरतीच्या आधी खोली आणि विम्याचं गणित बसवायला, आणि डिस्चार्जच्या दिवशी. पूर्ण मुक्कामाचे पैसे मोजू नका. रुग्ण एकटा आहे, आयसीयूतला मुक्काम लांबलाय, तीन-चार विभागांचे डॉक्टर वेगवेगळं सांगतायत किंवा दावा अडकलाय, अशा वेळी मात्र खर्च वसूल होतो.

भावाला घेऊन नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात आलो होतो. गेटवर एक जण म्हणाला, "पाच हजार द्या, खासगीत योजनेतून फुकट ऑपरेशन करून देतो." हा रुग्णमित्रच का? (वरोरा)

नाही. याला आपल्याकडे जुना शब्द आहे: दलाल. तुमच्याकडून पाच हजार आणि रुग्ण आणून दिल्याबद्दल पलीकडून वेगळे, असा दुहेरी हिशेब असू शकतो. रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना 2002 च्या आचारसंहितेनं मना आहे, पण गेटवरचा माणूस डॉक्टर नसल्यानं तो त्या संहितेत येतच नाही.

आणि ज्याचे तो पाच हजार मागत होता ते काम फुकट करणारा माणूस आत बसलेला असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन थेट तिथं जा. आता ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, रंगीत कार्डाची अट राहिलेली नाही, आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. मदतीचा क्रमांक 155388.

घोळ होतो तो तीन ठिकाणी. पहिला: रुग्णालय योजनेत असतं, पण तुमच्या आजाराच्या विभागासाठी नसतं. म्हणून "योजना आहे का?" असं विचारू नका. "हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आहे का?" असं विभागाचं नाव घेऊन विचारा. दुसरा: घाईत भरती होते, डिपॉझिट भरलं जातं आणि कागदांच्या गठ्ठ्यात "आम्हाला योजनेचा लाभ नको" अशा अर्थाच्या ओळीवर सही होऊन जाते. मग मागे फिरणं फार कठीण. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे, कागद मागून देता येतात. तेव्हा सही करण्याआधी आरोग्यमित्राला बोलवा, मग रात्र असो की सुट्टी. तिसरा: पॅकेजमध्ये काय काय येतं हे कुणी विचारत नाही. जनरल वॉर्डातली खाट, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, इम्प्लांट, रुग्णाचं जेवण, घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं आणि डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतचा पाठपुरावा, सगळं त्यात आहे. त्यातल्याच एखाद्या गोष्टीसाठी "हे बाहेरून आणा" अशी चिठ्ठी मिळाली तर ती फेकू नका, फोटो काढून आरोग्यमित्राला दाखवा.

योजनेत बसत नसेल तर दुसरं दार धर्मादाय रुग्णालयाचं. विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या कलम 41 क क प्रमाणे आणि 2006 साली मुंबई उच्च न्यायालयानं ठरवलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर मोफत, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर सवलत. रुग्ण तातडीचा असेल तर डिपॉझिटसाठी भरती अडवता येत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळत नाही, ही इथली नेहमीची रड. म्हणून भरतीच्या दिवशीच घरच्या एकाला सेतू केंद्रात पाठवा आणि तोवर रेशन कार्डाची प्रत जोडून रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. "खाटा शिल्लक नाहीत" असं तोंडी सांगितलं तर तेच कागदावर मागा. तेही दिलं नाही तर नागपूरच्या सहधर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते आणि तिथं शिक्क्याची प्रतच कामी येते.

मेडिकल, मेयो अशा सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, तेही याच कामासाठी. त्यांच्याकडे गर्दी असते, हे खरं. पण पैसे देऊन माणूस लावण्याआधी हे टेबल चुकवू नका.

आम्ही पांढुर्ण्याचे, मध्य प्रदेशातले. दवाखाना मात्र नागपूरचाच. आरोग्यमित्र आमचं काम करेल का? (पांढुर्णा)

महाराष्ट्राच्या राज्य योजनेत नाही. पण तुमच्याकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही चालतं. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का, हे निघण्याआधी पाहा. मराठी-हिंदी नावांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडतो आणि मंजुरी तिथंच बसते. घरात 70 वर्षांवरचं कुणी असेल तर त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न पाहता वेगळं कार्ड निघतं. चौकशीचा क्रमांक 14555.

आई-बाबा दोघं त्रिमूर्तीनगरला, मी पुण्यात. पैसे देऊन एक माणूस नेमायचाच आहे. तो पारखायचा कसा आणि लिहून काय घ्यायचं? (सध्या पुणे)

पहिला प्रश्न एकच ठेवा: "तुम्हाला पैसे कोणकोण देतं?" रुग्णालय, लॅब, औषधाचं दुकान, अँब्युलन्स, विमा एजन्सी, यांपैकी कुणाकडूनही काही मिळतं का? चांगला माणूस हे सरळ सांगेल आणि लिहूनही देईल. जो "अहो ताई, आमचे सगळीकडे संबंध आहेत" असं म्हणेल, त्याचे संबंध नेमके कसले, ते ओळखा. नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या दोन-चार गल्ल्यांत इतके दवाखाने आहेत की ओळखी सगळ्यांच्याच असतात. ओळख असणं वाईट नाही, ओळखीचे पैसे घेणं वाईट.

दुसरी परीक्षा कामाची. घरातली एखादी जुनी डिस्चार्ज फाइल द्या (नाव झाकून) आणि अर्धा तास द्या. त्यानं त्यातून तारखांप्रमाणे एका पानाचा गोषवारा काढून दाखवावा: कधी काय निदान झालं, कोणती औषधं सुरू, कोणती बंद, कशाची अ‍ॅलर्जी, पुढची तपासणी कधी. जोडीला बिलातल्या तीन शंका काढाव्यात. निवृत्त परिचारिका, वैद्यकीय समाजकार्य शिकलेले आणि रुग्णालयाच्या बिलिंग किंवा टीपीए (विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणारी संस्था) टेबलावर काम केलेले लोक यात सहसा टिकतात. गोडबोल्या माणूस पहिल्या पानावरच अडखळतो. मग ज्यांचं काम केलं अशा दोन कुटुंबांचे फोन मागा आणि त्यांना "चांगले आहेत का?" असं विचारू नका. "रात्री फोन उचलायचे का?" आणि "शेवटी किती पैसे झाले?" हे विचारा.

पैसे तासावर, दिवसावर किंवा ठरलेल्या कामावर असावेत. बिलाच्या किंवा दाव्याच्या टक्क्यांवर कधीच नाही. बिलाच्या टक्क्यावर असलेल्या माणसाला बिल वाढलेलं चालतं. "जेवढं बिल कमी करून देईन त्याचे इतके टक्के" हेही ऐकायला गोड, पण मग तो डॉक्टरांना प्रश्न विचारण्यात वेळ घालवत नाही, बिलिंगच्या काउंटरवर हुज्जत घालत बसतो. आगाऊ रक्कम एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. रुग्णालयात भरायची रक्कम त्याच्या खात्यातून जाता कामा नये. तुम्ही पुण्याहून थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा, पावती रुग्णाच्या नावाची.

लिहून घ्यायचं ते एका पानावर मावतं. काम कोणतं (उदाहरणार्थ, "भरतीपासून डिस्चार्जपर्यंत रोज एक भेट, संध्याकाळी 7 पर्यंत फोनवर माहिती, दर दोन दिवसांनी चालू बिलाची तपासणी"), दर किती, प्रवासखर्च धरून की वेगळा, तो आजारी पडला तर कोण येईल, कागदांचे फोटो कुणाला पाठवायचे आणि काम संपल्यावर त्याच्या फोनमधून काढून टाकायचे, आणि इतर कुणाकडून कमिशन घेत नाही ही ओळ. मध्येच बंद करायचं झालं तर झालेल्या दिवसांचेच पैसे. सह्या, तारीख, आधारची प्रत.

आणि आई-बाबांसमोर त्याला एकदा घरी बोलवा. बाबांना तो पटला नाही तर बाकी सगळं पास होऊनही उपयोग नाही. हा शेवटी वडिलांच्या खाटेजवळ बसणारा माणूस आहे.

5 लाखांची पॉलिसी असूनही 2 लाखांच्या बिलात 52,500 रुपये खिशातून गेले. आता एक सल्लागार 15 टक्क्यांवर दावा सोडवून देतो म्हणतो. द्यावे का? (मनीषनगर, नागपूर)

तुमच्या आकड्यांवरून हा बहुधा दाव्याचा नाही, खोलीचा विषय आहे. पत्रासोबतच्या बिलात खोली 8,000 रुपये रोजाची, 5 दिवस. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000. खोलीचे 40,000 झाले, त्यातले 25,000 मिळाले, इथवर कुणालाही कळतं. न कळणारा भाग पुढचा. महागडी खोली घेतली की डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही चढतात असं धरून कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. 8,000 तले 5,000, म्हणजे 62.5 टक्के. तुमचे ते शुल्क 1,00,000 होतं, मिळाले 62,500. औषधं, लागणारं साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही, म्हणून त्यांचे 60,000 पूर्ण मिळाले. बेरीज 1,47,500. कंपनीनं बहुधा नियमानंच कापलंय, 15 टक्के देऊनही यातलं काही परत येण्याची शक्यता कमी. ही गोष्ट भरतीच्या काउंटरवर दोन मिनिटांत सांगणारा माणूस असता तर 52,500 वाचले असते. रुग्णमित्राची खरी किंमत तिथं असते, नंतर नाही.

ज्यांचा दावा खरोखर नाकारला गेलाय त्यांच्यासाठी. सगळ्यात जास्त भांडण "आजार आधीपासून होता, लपवला" यावर होतं, आणि त्याचं मूळ बहुतेकदा भरतीच्या कागदावर असतं. रात्री दोन वाजता नातेवाईक म्हणतो, "बीपी आहे, बरीच वर्षं झाली," आणि निवासी डॉक्टर लिहितात "10 वर्षांपासून". पॉलिसी चार वर्षांची. झालं. अशा वेळी पहिल्यांदा निदान झालं तेव्हाची चिठ्ठी काढा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तारखेसह लेखी दुरुस्ती घ्या. मूळ कागदावर खाडाखोड करू देऊ नका, तीच संशयाची होते. आणि एक नियम पाठ करा: पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर सिद्ध झालेली फसवणूक सोडता माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

क्रम असा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. नागपूरसाठी ते कार्यालय पुण्याचं. फी नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. तक्रार विमाधारकानं स्वतः किंवा त्याच्या वारसानं, नामनिर्देशितानं करायची असते. टक्केवारीवाला सल्लागार तुमच्या वतीनं तिथं उभाच राहू शकत नाही. अर्ज लिहून देण्याचे ठरावीक पैसे घेत असेल तर द्या, पंधरा टक्के कशाचे? त्याआधी विमा नियामकाच्या 155255 या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवून ठेवलीत तरी चालेल.

जाता जाता कॅशलेसबद्दल. मे 2024 पासून कंपनीनं भरतीच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या विनंतीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. लोक तीन तास मोजतात ते डॉक्टरांनी "आज घरी जा" म्हटल्यापासून. घड्याळ सुरू होतं ते रुग्णालयानं अंतिम बिल पाठवल्यावर. मधले पाच तास डिस्चार्जचा सारांश टाइप होण्यात आणि औषधं परत जाण्यात गेलेले असतात. म्हणून आदल्या संध्याकाळीच विचारा: सारांश कोण लिहिणार, सही कोण करणार, उरलेली औषधं परत गेली का.

माझी पुतणी नर्स आहे. तिलाच हे काम दिलं तर चालेल का? आणि रुग्णालय म्हणालं, "बाहेरच्या माणसाशी बोलत नाही," तर? (भंडारा)

पुतणी असेल तर बाहेरचा माणूस शोधूच नका. फक्त ती ड्युटी करून येणार, तेव्हा तिच्यावर रात्रीची जागरणं टाकू नका. कागद तिचे, जागरण दुसऱ्याचं.

रुग्णालयाची अडवणूक पुष्कळदा रास्त असते. रुग्णाची माहिती वाटेल त्याला सांगणं बरोबर नाही. म्हणून रुग्ण शुद्धीत असतानाच साध्या कागदावर लिहून घ्या: "मी (पूर्ण नाव, वय, पत्ता), माझ्या आजाराची माहिती, चालू बिल आणि कागदपत्रांच्या प्रती माझी पुतणी (पूर्ण नाव) हिला देण्यास संमती देत आहे. उपचारांच्या संमतीचा अधिकार माझ्याकडेच राहील. ही संमती मी कधीही मागे घेऊ शकतो." सही, तारीख, दोन साक्षीदार, दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती. एक प्रत फाइलमध्ये लावायला सांगा आणि दुसरीवर पोच घ्या. शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. ते वाचल्यावर रुग्णालयाची निम्मी भीती जाते.

कागदपत्रांच्या प्रतींसाठी रुग्ण किंवा त्यानं अधिकार दिलेला माणूस अर्ज करू शकतो आणि 72 तासांत त्या द्याव्या लागतात. अर्जात "सगळी फाइल" असं मोघम लिहू नका. केसपेपर, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, ऑपरेशन नोट, भुलीची नोट, तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे किंवा सीटीची सीडी, तपशीलवार बिल, असं एकेक नाव घ्या. स्टेंट किंवा सांध्याचं इम्प्लांट बसवलं असेल तर त्याच्या डब्यावरचं स्टिकर फाइलमध्ये आहे का, तेही पाहा.

दरपत्रक भिंतीवर न लावणं, रुग्णहक्कांची सनद न लावणं, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवणं, याविरुद्ध 2021 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नियमांचा आधार आहे. नागपूर शहरात तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाते.

पुतणीला एक दोनशे पानी वही द्या. डाव्या पानावर डॉक्टर काय म्हणाले, वेळेसह. उजव्या पानावर त्या दिवशी काय आणलं, काय वापरलं, काय परत केलं. बिल तपासायला बसाल तेव्हा उजवं पान नर्सिंग चार्टशी लावून पाहा. परत केलेल्या औषधांची वजावट, एकाच डॉक्टरांची दिवसातली दुसरी भेट, पॅकेजमध्ये धरलेलं साहित्य पुन्हा वेगळं लावलेलं आणि डिस्चार्जच्या दिवसाचं पूर्ण भाडं, फरक बहुतेक या चार जागी सापडतो. सापडला तर काउंटरवर वाद न घालता पेन्सिलनं खूण करून बिलिंगच्या प्रमुखाकडे जा, आणि दुरुस्त बिल हातात आल्यावरच पैसे भरा.